वस्त्रे मिळणे आणि वस्त्रे निवडणे

गेल्या वर्षी एम. ए. मराठीचा एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी बराच वेळ घुटमळत उभा होता. मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीने मराठी कॉपीरायटरच्या जागेसाठी त्याला मुलाखतीला बोलावले होते. भाषांतराची उजळणी हवी असेल असे मला वाटले. त्याचा प्रश्न निराळाच निघाला : "सर, घालून काय जाऊ?" बँकेची मुलाखत असती तर त्याने हे विचारलेच नसते. पांढरा शर्ट, काळी पँट, विषय संपला. इथे मात्र इस्त्रीच्या कपड्यांत आपण कारकून दिसू आणि जीन्समध्ये बेफिकीर दिसू, अशी दुहेरी धास्ती त्याला होती. मी सहज म्हणालो, "साधा खादीचा कुर्ता घाल." तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याकडे मी पुढे येणारच आहे.

हा प्रश्न मुळात नवा आहे. आपल्याकडे चाकरीचा आणि वस्त्रांचा संबंध पूर्वी नेमका उलटा होता. पेशवेपद मिळणे याला आपली भाषा ‘पेशवाईची वस्त्रे मिळणे’ म्हणते. १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथाला ती दिली, आणि १७७४ साली सवाई माधवरावांसाठी साताऱ्याहून ती आली तेव्हा धनी अवघे चाळीस दिवसांचे होते. पाळण्यातल्या पेशव्याने त्या दिवशी काय घातले होते, याची चौकशी कोणी करण्याचे कारणच नव्हते. दरबारात आलेल्या शाहिराचे, कीर्तनकाराचे, गवयाचेही तेच. आधी कला सादर व्हायची, मग पसंतीची पावती म्हणून शेला-पागोटे मिळायचे. वस्त्र हा गुणवत्तेचा निकाल होता, अर्ज नव्हता. (साहित्य संमेलनांतून आपण आजही शाल देतो. ती कोणी अंगावर वापरताना मी पाहिलेले नाही, पण प्रथा त्या जुन्या व्यवहाराचीच आहे.)

नाटक मंडळ्यांपर्यंत हा व्यवहार बराचसा टिकला. १९०५ साली नारायण राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले ते गळ्याच्या आणि रूपाच्या बळावर. पुढचे शालू-शेले रंगभूमीने पुरवले, आणि मग बालगंधर्वांचे पाहून घरोघरच्या स्त्रियांनी आपली नेसण्याची तऱ्हा बदलली.

चित्र पालटले ते कला पगारी झाली तेव्हा. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि तिच्याबरोबर चित्रकाराला अर्ज, बढती, वरिष्ठ साहेब या गोष्टी आल्या. म. वि. धुरंधरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे नाव दिले. त्या नावात कलेचे मंदिर आहे आणि नोकरीच्या वर्षांचा हिशेबही आहे. साहेबासमोर जायचे तर काय घालून, हा प्रश्न तेव्हा अक्षरशः पायापासून सुरू होत असे. देशी जोडा घातला असेल तर तो बाहेर काढून आत जावे, विलायती बूट-मोजे असतील तर ते पायात राहू द्यावेत, असा दंडक एकोणिसाव्या शतकात सरकारी कचेऱ्या-दरबारांतून रुजला. डोके मात्र झाकलेलेच हवे. पगडी आणि बूट एकाच देहावर आले ते निव्वळ हौसेने नव्हे.

विसाव्या शतकात चित्रपट कंपन्यांनी महिन्याच्या पगारावर कलावंत ठेवले. पुण्याच्या ‘प्रभात’मधली एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९४५ च्या सुमारास ‘हम एक हैं’च्या वेळी धोब्याने शर्टांची अदलाबदल केली, आणि देव आनंद यांना आपला शर्ट गुरुदत्त यांच्या अंगावर दिसला. त्यातून मैत्री झाली, आणि १९५१ साली ‘बाजी’. ही कथा आपण योगायोग म्हणून सांगतो. मला त्यात दुसरेच दिसते : एक मुलगा लष्करी सेन्सॉरच्या कचेरीत पत्रे वाचून आलेला, दुसरा कलकत्त्याला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून आणि अल्मोड्याला नृत्य शिकून आलेला. दोघांकडेही शर्ट मोजकेच असणार. मोजक्या शर्टांतला एक हरवला तरच माणूस त्याचा माग काढतो.

पुढे जाहिरातीचे जग आले. तिथे एकाच कचेरीत दोन पोशाख नांदू लागले : गिऱ्हाइकांना भेटणारे टायमध्ये, चित्रे काढणारे आणि मजकूर लिहिणारे मन मानेल तसे. अरुण कोलटकरांसारखा कवी या व्यवसायात नामवंत कलादिग्दर्शक होता. मोकळेपणा हाच इथे गणवेश झाला. पण तो कोणाला परवडतो? हुसेन यांनी पायताण सोडले ते १९६४ साली मुक्तिबोधांच्या अंत्ययात्रेपासून, असे सांगितले जाते. (मराठी घरात वाढलेल्या हिंदी कवीसाठी एका चित्रकाराने अनवाणी व्हावे, हे आपल्या वाङ्मयेतिहासात यायला हवे होते.) १९८८ साली याच अनवाणी पायांमुळे मुंबईच्या एका प्रतिष्ठित क्लबाने त्यांना दारातून परत पाठवले. बातमी झाली, कारण ते हुसेन होते. सिनेमाची पोस्टरे रंगवणाऱ्या तरुण हुसेनला कोणी अडवले असते तर ओळही छापली गेली नसती.

आता माझ्या खादीच्या कुर्त्याकडे येतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले होते, की लुगडे नेसण्याच्या आणि दागिन्यांच्या ज्या तऱ्हेवरून जात ओळखू येते ती तऱ्हा सोडा. ज्यांचे कपडे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले, त्यांच्या लेखी इस्त्रीचा शर्ट ही कारकुनी नव्हे, आणि चुरगळलेला कुर्ता ही मुक्ती नव्हे. मी हे वर्गात वीस वर्षे शिकवत आलो आहे. तरीही त्या मुलाने शेवटी तोंड उघडले तेव्हा मी चपापलो. "सर, तुम्ही कुर्ता घातला तर लेखक दिसता. मी घातला तर मोर्चातून आलेला दिसतो."

माझ्यापाशी यावर उत्तर नव्हते. तो वसतिगृहातल्या मित्राचा निळा शर्ट आणि स्वतःचे पॉलिश केलेले बूट घालून गेला. संध्याकाळी फोन आला. कपड्यांकडे त्यांनी पाहिले की नाही, ते त्याला कळले नव्हते. मराठी टायपिंग येते का, एवढे मात्र दोनदा विचारले होते.