सागरी कोलाहल व सागरी प्राणी
जहाजांचे पंखे, पाणबुड्यांच्या शोधासाठी वापरली जाणारी सोनार यंत्रणा आणि सागरतळाखालील खनिज तेलाचा शोध घेताना केले जाणारे दाबलेल्या हवेचे स्फोट यांमुळे समुद्राच्या पाण्यात जो ध्वनी मिसळतो, त्यास सागरी ध्वनिप्रदूषण असे म्हणतात. समुद्रात प्रकाश काहीशे मीटरांपलीकडे पोहोचत नाही. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १,५०० मी. म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो व त्याची कंप्रता कमी असल्यास फारसा क्षीण न होता दूरवर ऐकू येतो. म्हणूनच देवमाशांसारखे प्राणी परस्परांशी संपर्क ठेवण्यासाठी दृष्टीपेक्षा ध्वनीवर विसंबतात.

या विषयाचा इतिहास नौदलांच्या इतिहासाशी निगडित आहे. १९४४ मध्ये मॉरिस यूइंग यांनी अटलांटिक महासागरात केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, तापमान व दाब यांच्या संयुक्त परिणामामुळे एका विशिष्ट खोलीवर ध्वनीचा वेग किमान होतो आणि त्या थरात सापडलेला ध्वनी हजारो किमी. जाऊ शकतो. या गुणधर्माचा उपयोग करून १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाने सोव्हिएट पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी सागरतळावर ध्वनिग्राहक बसविले. त्या काळात पाण्याखाली सुमारे २० हर्ट्‌झ कंप्रतेचे नियमित ठोके ऐकू येत. त्यांचा उगम प्रथम उलगडेना. ते परकीय यंत्राचे असावेत, अशीही शंका होती. विल्यम शेव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतर ते फिन देवमाशाचे असल्याचे दाखविले. देवमाशांच्या या संभाषणाचा पत्ता मानवाला लागला, तो असा युद्धसज्जतेच्या आडवाटेने.

रॉजर पेन व डग्लस वेब यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले की, यंत्रचालित जहाजे येण्यापूर्वी हे ठोके फार मोठ्या अंतरापर्यंत पोहोचत असले पाहिजेत आणि जहाजांच्या आवाजाने ही कक्षा आकुंचित केली आहे. त्या वेळी हे अनुमानच होते. पुढे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, सॅन निकोलस बेटाच्या पश्चिमेस केलेल्या मोजमापांची १९६०–७० या दशकातील नौदलाच्या नोंदींशी तुलना करण्यात आली. सुमारे चाळीस वर्षांत ३०–५० हर्ट्‌झ या पट्ट्यातील आवाज १० ते १२ डेसिबेलांनी वाढल्याचे तीत आढळले (२००६).

लोकांचे लक्ष वेधले गेले ते मात्र सोनारमुळे. मार्च २००० मध्ये बहामा बेटांच्या किनाऱ्यांवर १७ देवमासे व तत्सम प्राणी अडकून पडले. त्यांत चोचीचे देवमासे बहुसंख्य होते. अमेरिकेच्या नौदलाने व सागरी संस्थेने २००१ मधील संयुक्त अहवालात नौदलाचे सोनार हेच सर्वांत संभाव्य कारण मानले. २००२ मध्ये नौदलांच्या सरावाच्या वेळी कानेरी बेटांवर असाच प्रकार घडला. तेथील मृत प्राण्यांच्या ऊतकांत वायूचे बुडबुडे आढळले; पाणबुड्या माणसांना घाईने वर आल्यावर होणाऱ्या विकाराशी ही लक्षणे जुळत होती. स्पेनने २००४ मध्ये त्या बेटांभोवती सोनारच्या वापरास बंदी घातली. त्यानंतर २०१३ पर्यंत तेथे अशी सामूहिक घटना नोंदली गेली नाही.

अशा घटना भयंकर खऱ्या. पण त्या मोजक्या ठिकाणी व मोजक्या दिवशी घडतात. जहाजांची घरघर अहोरात्र चालू असते व तिचे परिणाम मृतदेहांच्या रूपाने दिसत नाहीत. तिचा पुरावा एका दुर्दैवी योगायोगाने मिळाला. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर कॅनडालगतच्या फंडी उपसागरातील जहाजांची वर्दळ एकाएकी घटली. राइट देवमाशांच्या विष्ठेचे नमुने तेथे अन्य संशोधनासाठी आधीपासून गोळा केले जात होते, ध्वनीच्या नोंदीही उपलब्ध होत्या. त्या दोहोंची सांगड घालून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आवाज ६ डेसिबेलांनी कमी झाला होता आणि त्याच काळात देवमाशांच्या विष्ठेतील ताणाशी संबंधित हॉर्मोनांचे प्रमाणही घटले होते. उत्तर अटलांटिकमधील ही जाती आज चारशेच्या आत उरली आहे. जहाजांची धडक व मासेमारीचे दोर ही तिच्या मृत्यूंची प्रत्यक्ष कारणे होत. कायमचा ताण त्यांत भर घालतो.

आवाजाचा मोठा भाग पंख्याभोवती निर्माण होऊन फुटणाऱ्या बुडबुड्यांचा असतो. पंख्याची रचना सुधारून किंवा बहुतेक जहाजांचा वेग कमी करून तो घटविता येतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने यासाठी २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२३ मध्ये त्या सुधारल्या. त्यांचे पालन ऐच्छिक आहे.