धाग्याच्या हुकमतीतील वारा

वायू अथवा पाणी बंद पिशवीत कोंडले म्हणजे ते सर्व बाजूंना सारखाच दाब देते, हा सतराव्या शतकात पास्कालने सांगितलेला नियम शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतो. परंतु या निःपक्षपाती दाबाकडून एकाच दिशेचे काम करून घ्यावयाचे, त्याने अमुक बाजूस वाकावे आणि अमुक इतकेच फुगावे असा बंदोबस्त करावयाचा, तर आतील वायूपाण्यापेक्षा भोवतालच्या वेष्टनाचीच मिजास अधिक सांभाळावी लागते. धमनीत शिरून फुगणारा फुगा आणि शस्त्रवैद्याच्या हत्याराला आतून वाकवणारी रबरी नळी यांचे कुळ शोधू लागले की, भौतिकशास्त्राच्या दप्तरातून निघून माणूस विणकराच्या दारी येऊन ठेपतो. म्हणून ते कामवारी नदीकाठच्या भिवंडीत, यंत्रमागांच्या खडखडाटात बसून सांगण्यास मला संकोच वाटत नाही, जरी या वंशातील एकही पुरुष येथे जन्मलेला नाही.

मूळ पुरुषाचा मान मी अमेरिकेच्या थॉमस फोगार्टीस देतो. रबरी हातमोज्याच्या बोटाचे टोक त्याने मूत्रमार्गात घालावयाच्या बारीक नळीला बांधले, आणि ही गाठ मारण्याची कला त्याला मासे पकडण्याचे गळ सजवण्याच्या छंदातून आलेली होती. १९६१ साली ही नळी रुग्णावर वापरली गेली: छोट्या छेदातून आत सारावयाची, रक्ताच्या गुठळीपलीकडे नेऊन फुगवावयाची, आणि मागे ओढताना गुठळी बाहेर काढावयाची.

पुढील पिढीतील आंद्रेआस ग्रुंटझिग या झुरिकच्या वैद्याची अडचण निराळी होती. अरुंद झालेली धमनी आतून रुंद करावी, तर रबराचा फुगा कठीण भागाशी झुंजण्याऐवजी दोन्ही अंगांच्या मोकळ्या जागेत फुगून बसे, कारण लवचीक वस्तूचा स्वभावच मुळी कमी विरोधाची वाट धरण्याचा. त्याला आवर घालण्यासाठी ग्रुंटझिगने भोवती रेशमी जाळी विणून पाहिली; जाळीने फुगा आवरला, पण जाडी वाढली. तेव्हा हॉप्फ नावाच्या निवृत्त रसायनशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने तो पीव्हीसीकडे वळला, ज्याचा फुगा ठरावीक व्यासापर्यंत फुगतो आणि तेथेच थांबतो. घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावर घडलेल्या अशा फुग्यांच्याच वंशजाने १६ सप्टेंबर १९७७ रोजी हृदयाची धमनी प्रथम मोकळी केली. रेशमाचे काम पदार्थाच्याच अंगी बाणवले गेले, एवढाच काय तो फरक.

दुसरी शाखा जोसेफ मॅकिबेनची. १९४५ च्या पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी ज्याच्या हाती नियंत्रणाची कळ होती, त्या या शास्त्रज्ञाच्या कन्येचे हात पुढे पोलिओने लुळे पडले, आणि पित्याने रबरी नळीवर तिरक्या धाग्यांची वेणी चढवून वायूने आखडणारा कृत्रिम स्नायू तिच्यासाठी सिद्ध केला. येथे भिवंडीच्या कोणत्याही शिंप्यास साक्षीस बोलवावे. धोटा ताण्याच्या काटकोनात बाणा टाकतो, म्हणून कापड उभे किंवा आडवे ओढले तर लांबत नाही. तेच उरेब धरून ओढा, की ते लांबते आणि रुंदीला आखडते. मॅकिबेनची वेणी म्हणजे नळीभोवती गुंडाळलेले उरेब कापडच, फक्त व्यवहार उलटा: आतील वारा तिला रुंद करतो आणि म्हणून ती आखूड होते, धाग्यांचा नळीच्या अक्षाशी असलेला कोन सुमारे ५४.७ अंशांवर येईपर्यंत. प्रारंभीच कोन याहून मोठा ठेवला, तर तीच नळी आखडण्याऐवजी लांबते. नळी तीच, वारा तोच. हुकूम धाग्याच्या कोनाचा.

आता शस्त्रवैद्याच्या हत्याराकडे वळू. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हा या कामातील हत्यारे सरळ आणि ताठ दांड्यांचीच असत. पोटात गेलेल्या टोकाला मनगट नसे. त्याच सुमारास जपानात तोशिबा कंपनीतील कोइची सुझुमोरी हा अभियंता रबराच्या नळीत तीन कप्पे करून भोवती धागा गुंफीत होता, जेणेकरून एका कप्प्यात दाब भरताच नळी न फुगता त्या अंगाने लांबावी आणि विरुद्ध अंगास वाकावी. पुढे २०१६ साली त्याच्या सहकाऱ्यांनी काही मिलिमीटर जाडीचे मॅकिबेन स्नायू बाजारात आणले, ते कुराशिकीच्या एका दोऱ्या विणणाऱ्या कारखान्याच्या साहाय्याने, हे वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

तथापि धाग्याच्या अंमलालाही हद्द आहे. शरीरात वारा भरणे धोक्याचे, कारण नळी फुटल्यास बुडबुडा रक्तप्रवाह अडवतो. म्हणून तेथे क्षारजल योजतात. पण नळीचा व्यास निम्मा केला की प्रवाहास होणारा विरोध सोळापट वाढतो, त्यामुळे स्नायू जितका सूक्ष्म करावा तितके पाणी त्याच्यापर्यंत मंदगतीने पोहोचते, आणि हा तंटा कितीही सफाईने विणले तरी सुटत नाही.