आमटी-भाकरी आणि प्रथिनांचे ‘संकट’

जुन्नर तालुक्यातील आणे गावी रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. धान्य आणि डाळ यांची हीच साधी जोडी विसाव्या शतकात एका जागतिक वादाचा विषय ठरली होती.

१९५०-६०च्या दशकांत गरीब देशांतील एक ते पाच वर्षांच्या मुलांचे कुपोषण म्हणजे प्रामुख्याने प्रथिनांची उणीव, असे आंतरराष्ट्रीय संस्था मानत. १९६८मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘प्रथिन-संकटा’चा इशारा दिला. माशांच्या पिठासारखे उपायही पुढे आले.

या समजाला आव्हान देणाऱ्यांत अग्रणी होते सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९५१पासून ते रोममध्ये अन्न व शेती संघटनेत होते. त्यांचे म्हणणे असे: धान्य-डाळीचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिने पुरतात, पोट अर्धे राहिले की शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. १९७३मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील गोपालन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने याला बळ दिले. मुख्यतः उष्मांक वाढवताच मुलांची वाढ सुधारली.

अर्थात, लहानग्याचे पोट ते केवढे! कोरडी भाकरी त्याला पुरेशी खाताच येत नाही. ती आमटीत कुस्करून, वर तेलातुपाची धार सोडून, दिवसातून अनेकदा भरवावी लागते.

पुढे सुखात्म्यांनी शरीर कमी अन्नाशीही जुळवून घेते असा सिद्धान्त मांडला, तेव्हा हेच गोपालन त्यांचे कठोर टीकाकार ठरले. १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडीतील मुलाच्या पूरक आहारासाठी रोज ३०० उष्मांक ठरले होते; २००९मध्ये ते ५०० झाले.