षट्कर्मांचा वारसा आणि शाळेतील व्यवसायशिक्षण

आद्य तीर्थंकर भगवान ऋषभदेवांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. कल्पवृक्ष क्षीण होऊ लागले, मागताच मिळण्याचे दिवस सरले आणि भयभीत प्रजा 'आता जगावे कसे?' हा प्रश्न घेऊन आली. तेव्हा भगवंतांनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली. आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात 'आदिपुराणा'त हे सविस्तर वर्णिले आहे. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकविणारे भगवान प्रजेला शेती आणि शिल्पही शिकवितात. लेखणी आणि अवजार यांत येथे उच्चनीचभाव नाही.

महाराष्ट्रातील जैन समाजाचा इतिहासही हेच सांगतो. जैन म्हणजे व्यापारी, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी कोल्हापूर-सांगली भागातील चतुर्थ आणि पंचम समाज प्रामुख्याने शेतकरी. कासार बांधवांचा पिढीजात व्यवसाय बांगड्यांचा आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. पूर्वी हा व्यवसाय मुलगा वडिलांच्या शेजारी बसूनच शिके. पुढे इंग्रजी शाळा आली. तिने अक्षर दिले, परीक्षा दिली, नोकरीची वाट दाखविली. पण कामाचे शिक्षण तिच्या दाराबाहेरच राहिले.

ही उणीव राज्यकर्त्यांच्याही लक्षात आली होती. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचविल्या : एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची आणि दुसरी व्यापार व अन्य व्यवहारोपयोगी विषयांची. दुसऱ्या शाखेकडे फारसे कोणी वळले नाही, कारण सरकारी नोकरी आणि प्रतिष्ठा पहिल्या वाटेवर होती. पुढील सव्वाशे वर्षांच्या अनेक योजनांचे भवितव्य या एका अनुभवात दडलेले आहे.

या पार्श्वभूमीवर आपल्याच समाजातील एका सुपुत्राचे कार्य उठून दिसते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण अर्धवट सुटले. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या, ओगल्यांच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव पायपीट केली. खेड्यातील मूल शाळेपर्यंत का पोहोचत नाही, हे त्यांना या भ्रमंतीत उमगले. १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले.

या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत आणि आपली कामे आपणच करीत. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेती यांतले कोणतेही काम हलके नव्हते. मुलांचे पोट भरावे म्हणून सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४० मध्ये साताऱ्यात निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल तर 'कमवा आणि शिका' या तत्त्वावरच उभे राहिले. 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेचे ब्रीद ठरले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून 'नई तालीम'चा विचार देशापुढे आला, त्याआधी दहा-तेरा वर्षे साताऱ्यात श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली गेली होती.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळा सुचविल्या. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला. अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. हेतू चांगले होते. परंतु कार्यानुभवाचा तास अनेक शाळांत वेळापत्रकातच राहिला आणि व्यवसाय अभ्यासक्रम म्हणजे कमी गुण मिळालेल्यांचा आसरा, अशी समाजाची धारणा झाली. योजनांना निधी देता येतो. प्रतिष्ठा मात्र समाजालाच द्यावी लागते.

जेथे ती मिळाली तेथे चित्र वेगळे दिसले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय माध्यमिक शाळांत गेला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस कार्यशाळा, वीज, शेती-पशुपालन, आहार-आरोग्य यांतील प्रत्यक्ष काम करतात आणि गावाच्या गरजेच्या वस्तू व सेवा पुरवितात. येथे हाताचे काम हुशार आणि सामान्य, मुलगा आणि मुलगी, सर्वांसाठी आहे.

२०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. त्यानुसार नववीपासून व्यवसाय विषय घेता येतो आणि त्यासोबत संवाद, स्वयंव्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञान, उद्योजकता व हरित कौशल्ये ही रोजगारक्षमतेची पाच कौशल्ये शिकविली जातात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात घालविण्याची कल्पना मांडली. ही नावे नवीन आहेत. यातील बरेचसे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुले नाव न घेता शिकत होती.

रोजगारक्षमतेस आपल्या परंपरेने आणखी एक अट घातली आहे. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात 'सागारधर्मामृता'त गृहस्थाच्या गुणांचा प्रारंभ न्यायाने धन मिळविण्यापासून केला. मापात खोट न करणे, दिलेली वेळ पाळणे, शब्द न मोडणे हे शिक्षण पाठ्यपुस्तकापेक्षा दुकानात आणि कारखान्यात अधिक सहज मिळते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने म्हणूनच आत्मपरीक्षण व्हावे. आपल्याकडे दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो, तो व्हावाच. पण नव्वद टक्क्यांच्या रांगेत नसलेला, तरी मोटार दुरुस्त करणारा, उत्तम शिवणकाम जाणणारा, ठिबकसंच नीट जोडणारा विद्यार्थी त्या व्यासपीठावर कधी दिसतो काय? समाजातील उद्योजकांनी आणि प्रगतिशील शेतकऱ्यांनी नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी सुटीतील काही दिवस आपल्या कार्यशाळेची, शेताची दारे उघडावीत. त्याला मोठा निधी लागणार नाही. मात्र 'माझे मूल हाताने काम करते' हे सांगताना आपला आवाज खाली जाता कामा नये. भगवान ऋषभदेवांनी शिल्पाला षट्कर्मांत स्थान दिले आहे. आपण त्यास आपल्या सत्कारात आणि घरात द्यावयाचे बाकी आहे.