बेमुदत ठेव

जावई हा दहावा ग्रह, असं ज्यानं म्हणून ठेवलं त्याला मेव्हणा नसावा. निदान गॅरेजवाला मेव्हणा तरी खासच नसावा. मला आहे. डोंबिवलीला त्याचं गॅरेज आहे. रिक्षा दिसली की तिचा टेंपो करावा आणि टेंपो दिसला की त्याची रुग्णवाहिका करावी, असे विचार त्याच्या मनात येत असतात. दोन वर्षांपूर्वी एका शाळेची म्हातारी मिनीबस त्याच्याकडे मोडीत आली आणि त्याला तिच्यात घर दिसलं.

बाकं निघाली, दोन दिवाण आले. मागं ओटा आला, ओट्याखाली सिलिंडर आणि टपावर पाण्याची टाकी. पिवळ्या रंगावर निळा रंग चढला. पण निळा रंग जरा हात राखून मारलेला असल्यामुळे ऊन पडलं की बाजूच्या पत्र्यावर 'सावकाश, मुलं आहेत' ही जुनी अक्षरं आतून वर येतात. ही अक्षरं लक्षात ठेवा. पुढं त्यांचं काम आहे.

आता या सगळ्याला पैसे कुठून आले? इथं माझा, म्हणजे बँकेतल्या कारकुनाचा, कथेत प्रवेश होतो. पैसे आले अण्णांच्या मुदत ठेवीतून. अण्णा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. घरी आल्यावर महिनाभर ते छताकडे बघत पडून होते आणि एके दिवशी उठून आमच्या शाखेत आले. ठेवीची पावती काउंटरवर ठेवून म्हणाले, "जावईबापू, ही मोडा."

मुदतीपूर्वी ठेव मोडणं म्हणजे काय, हे बँकेत न राबलेल्या माणसाला कळायचं नाही. मी बी.कॉम. झालेला माणूस. दंडव्याज, घटलेला दर, बुडणारे पैसे, सगळं त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवलं. अण्णांनी शांतपणे कागद पाहिला, एक बेरीज चुकली होती ती दुरुस्त करून दिली आणि म्हणाले, "मोडा."

मी मोडली. पण मनात अढी राहिली ती राहिलीच. मुद्दलाला हात लावू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो धडा अण्णांना पटवून द्यायचाच, असं ठरवून मी पहिल्या सहलीचं ठिकाण सुचवलं : नाशिकची पांडवलेणी.

लेण्यांचा आणि मुदत ठेवीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मेव्हण्यानंही विचारलं. पण मी तयारीनिशी निघालो होतो. सेनार नावाच्या फ्रेंच पंडितानं या लेण्यांतले लेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात छापले आहेत. त्यातला मतलब मी बँकेच्या जुन्या डायरीत उतरवून घेतला होता.

तर गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी पहाटे आमचं घर डोंबिवलीहून सुटलं. मेव्हणा चाकावर, त्याच्या शेजारी माझे चिरंजीव, मागं दिवाणावर अण्णा, सासूबाई आणि माझी बायको. मी ओट्यापाशी, कारण घाटात दुधाचं पातेलं धरायला एक जबाबदार माणूस लागतो. कसारा घाटात तीन वळणं मी आणि पातेल्यानं मिळून काढली. टोलनाक्यावर मेव्हण्यानं नेहमीप्रमाणे सरकारचा उद्धार केला. मी म्हटलं, "याच मुलखात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एका माणसानं तापी, दमण, पारदा, डहाणुका अशा सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या होत्या. भडोचला, सोपाऱ्याला, गोवर्धनला वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या होत्या."

"कोण होता हा?" मेव्हण्यानं विचारलं.

"जावई," मी म्हणालो.

गाडीत जरा शांतता पसरली.

खोटं नव्हे. त्याचं नाव उषवदात. दिनीकाचा मुलगा आणि क्षहरात वंशातल्या नहपान क्षत्रपाचा जावई. त्यानं जिथं जिथं लेख कोरवला, तिथं तिथं आधी सासऱ्याचं नाव घातलं आहे. आमच्या घराच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव लावायची कल्पना मी सासूबाईंना बोलून दाखवली, पण बायकोनं डोळे वटारले. हा उषवदात सासऱ्याच्या हुकमावरून मालयांच्या वेढ्यातून उत्तमभद्रांना सोडवायला थेट राजस्थानकडे गेला, आणि परत येताना पुष्करला स्नान करून तीन हजार गायी आणि एक गाव दान देऊन आला. मी सासऱ्यांच्या हुकमावरून फार तर ठेव मोडतो.

डोंगराच्या पायथ्याशी, फाळके स्मारकाच्या बाजूला, आमचं घर उभं करून आम्ही पायऱ्या चढायला लागलो. पायऱ्या किती, यावर एकमत झालं नाही. मेव्हण्यानं मोजल्या त्याच्यापेक्षा चिरंजीवांच्या अकरा जास्त भरल्या. अण्णा दर वीस पायऱ्यांनी थांबत होते आणि देखावा बघायला थांबलोय असं दाखवत होते. सासूबाई देखावा न बघता अण्णांकडे बघत होत्या.

या डोंगरात चोवीस लेणी आहेत. त्यातलं दहावं उषवदाताचं. ओसरीला घंटेच्या आकाराच्या शीर्षांचे खांब, आत मोठा चौक आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या. त्यातली एक खोली त्याच्या बायकोनं, नहपानाच्या लेकीनं, दक्षमित्रेनं दिली. तसा स्वतंत्र लेख तिथं आहे. नवऱ्यानं अख्खं लेणं दिलेलं असताना एक खोली आपल्या नावावर असावी हा विचार माझ्या बायकोला फार आवडला.

मी अण्णांना ओसरीत बसवलं, डायरी उघडली आणि घसा साफ केला. ऐका म्हटलं. वर्ष ४२, वैशाख महिना. उषवदात हे लेणं संघाला देतो आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची 'अखयनिवी' ठेवतो. अखयनिवी म्हणजे अक्षय ठेव. मुदत ठेव नव्हे, बेमुदत ठेव! ही रक्कम त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दरानं, म्हणजे द. सा. द. शे. बारा. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण, म्हणजे द. सा. द. शे. नऊ. आणि अट काय? मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज उपभोगायचं.

"आता हिशेब बघा," मी म्हणालो. "दोन हजारांवर बारा टक्क्यांनी वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात पावसाळा काढणारे भिक्षू वीस. प्रत्येकाला कपड्यासाठी बारा कार्षापण द्यावेत, असं दगडावर लिहिलंय. वीस बारे दोनशे चाळीस! एक छदाम इकडचा तिकडे नाही. उरलेल्या हजारावर वर्षाला नव्वद, ते भिक्षूंच्या इतर खर्चाला."

मी विजयी मुद्रेनं अण्णांकडे पाहिलं. खरं सांगतो, बँकेत ताळेबंद जुळल्यावरसुद्धा मला इतका आनंद होत नाही. एवढ्यावर हे गृहस्थ थांबले नाहीत. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवला, असंही खाली कोरलंय. भिक्षूंच्या अन्नासाठी एक शेत विकत घेतलं, तर शेत कुणाकडून घेतलं, ते त्याचं वडिलार्जित होतं, किंमत चार हजार, शहराच्या कुठल्या हद्दीला आहे, सगळं आहे. आमचे कर्जदार याच्या निम्मी माहिती देतील तर आमच्या कर्ज विभागातल्या लोकांना रात्रीची झोप लागेल.

"म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही," मी समारोप केला. "एकोणीसशे वर्षांपूर्वीचा नियम आहे."

अण्णा थोडा वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढचं वाचा ना. व्याज काय करायचं?"

"उपभोगायचं."

"उपभोगायचं!" अण्णा म्हणाले. "एकतीस वर्षं मी ठेवी ठेवल्या, जावईबापू. व्याज आलं की ते पुन्हा ठेवीत. त्याचं व्याज आलं की तेही ठेवीत. तुमच्याच बँकेत. उपभोगायचं हे कुणी सांगितलंच नाही हो. हिला पांडवलेणी दाखवीन म्हणून लग्नाच्या वर्षी म्हणालो होतो."

सासूबाई म्हणाल्या, "मी कुठं काही म्हटलं?"

यावर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. मी डायरीचं पान उलटलं.

तुम्ही म्हणाल, त्या ठेवीचं पुढं काय झालं? सासऱ्या-जावयाचं राज्य फार टिकलं नाही. गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरातांचं नामोनिशाण मिटवलं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. नाणी वितळवली नाहीत. तीच नाणी, वर नवा शिक्का. पण ठोका जरा हलका पडला की खालून नहपानाचा चेहरा डोकावतो. हे मी सांगितलं तेव्हा मेव्हणा एकदम खूश झाला. "म्हणजे आपल्या बससारखंच!" असं म्हणून त्यानं आपल्या रंगकामाला ऐतिहासिक आधार मिळवून घेतला.

गंमत अशी की, नाण्यांवर छाप मारणाऱ्या त्या राजाच्या राज्यात या लेखाला मात्र कुणी छिन्नी लावली नाही. शत्रूच्या जावयाचे आकडे अजून वाचता येतात. आणि त्याच डोंगरात, तिसऱ्या क्रमांकाचं लेणं हे त्या जिंकणाऱ्या घराण्याचं. तिथं आम्ही दुपारी गेलो. ओसरीखाली सहा दणकट यक्ष अख्खं लेणं खांद्यावर घेऊन उभे आहेत.

इथं ओसरीत राजाचं एक पत्र कोरलेलं आहे, वर्ष २४ चं. गोवर्धनच्या शामक नावाच्या अमात्याला लिहिलेलं. आधी खुशाली विचारली आहे, मग कामाचं : भिक्षूंना दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही ओस आहे, तेव्हा सरकारी जमिनीतलं शंभर निवर्तनांचं दुसरं शेत द्यावं. पत्र राजाच्या आणि राजमातेच्या नावानं आहे. आणि राजमातेच्या नावाला एक विशेषण लावलंय : 'जीवसुता'.

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. सकाळपासून त्यांचा हा पहिला प्रश्न.

"जिचा मुलगा हयात आहे ती."

"आपण 'सौ.' लावतो तसं?"

इतकी सोपी टीप सेनारलाही सुचली नसेल. मी म्हटलं, "अगदी तसंच."

मग मी त्याच लेण्यातला मोठा लेख सांगितला. तो बऱ्याच वर्षांनंतरचा, नातवाच्या, पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षीचा. लेणं देणारी तीच आई, गौतमी बलश्री. आता तिच्या नावामागं 'जीवसुता' नाही. तिनं मुलाचं वर्णन कोरवलंय. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्यानं शक, यवन, पह्लव मोडले, क्षहरात निपटले, कर न्यायानं घेतले, प्रजेच्या सुखदुःखात तो वाटेकरी झाला. आणि या सगळ्या पराक्रमांच्या रांगेत तिनं आणखी एक गोष्ट नोंदवलीय : तो आईची सेवा न चुकता करीत असे.

सासूबाई भिंतीशी गेल्या आणि त्या अक्षरांच्या खाली, दगडाला न लावता, हात धरून उभ्या राहिल्या. मग वळून मेव्हण्याला म्हणाल्या, "अरे, उतरताना यांचा हात धर." मेव्हण्यानं धरला. अण्णांनी देखावा बघण्याचं नाटकही केलं नाही.

खाली आल्यावर बसमध्ये पिठलं-भात झाला. अण्णांनी दोनदा भात घेतला. डॉक्टरांनी एकदाच सांगितला होता, पण ठेव मोडलेल्या माणसाला किरकोळ नियमांचं काही वाटत नाही.

परवा नोव्हेंबर लागला. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. हल्ली तो घरबसल्या मोबाइलवरूनही देता येतो. मी अण्णांना तसं सांगितलं होतं. तरी ते आलेच. बाहेर निळी बस उभी होती, उन्हात 'सावकाश, मुलं आहेत' स्पष्ट वाचता येत होतं आणि खिडकीत सासूबाई बसल्या होत्या.

मी फॉर्म भरला. नाव, खाते क्रमांक. 'वर नमूद केलेले निवृत्तिवेतनधारक आज रोजी हयात आहेत' या छापील ओळीखाली शिक्का ठोकला, चांगला जोर देऊन, दोन्ही बाजू उमटतील असा.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं. आता पुढच्या नोव्हेंबरात."

"बरं. मग रविवारी कार्ल्याला येताय ना? तिथंही लेख आहेत म्हणतात."

मी म्हटलं, येतो. पातेलं धरायला माणूस लागतोच.