थाटीपुरातील फ्रेंच पाव

ग्वाल्हेरात एखादी फ्रेंच वस्तू दिसली की आपल्या मंडळींना महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेची आठवण होते. ते स्वाभाविकच आहे. 1784 साली महादजींच्या चाकरीत आलेला डी बॉयन हा सव्हॉय प्रांताचा, भाषेने फ्रेंच. त्याच्यामागून कारभार पाहणारा पेरॉन तर अस्सल फ्रेंच. तेव्हा थाटीपुरात एका बेकरी-साखळीच्या दुकानात चॉकलेट भरलेली फ्रेंच पेस्ट्री मिळू लागल्याचे कळताच मंडळातील एका स्नेह्यांनी तिचा संबंध थेट या सरदारांशी जोडला. कल्पना मोहक आहे, पण कालगणना तिला साथ देत नाही. डी बॉयन 1830 साली वारला, पेरॉन 1834 साली. हा पदार्थ त्या दोघांनीही कधी चाखला नसणार, कारण तो तेव्हा जन्मालाच आलेला नव्हता.

फ्रेंच लोक त्याला 'पें ओ शोकोला', म्हणजे चॉकलेटचा पाव, म्हणतात. पण त्याचे मूळ व्हिएन्नाचे. ऑगस्ट झांग नावाच्या, पूर्वी तोफखान्यात अधिकारी असलेल्या ऑस्ट्रियन गृहस्थाने 1838-39 च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. तिथला चंद्रकोरीच्या आकाराचा 'किप्फेल' पॅरिसकरांनी उचलला आणि पुढे त्याचा क्रोसाँ केला. झांग मात्र 1848 साली मायदेशी वृत्तपत्र काढून बसला. तुर्कांनी 1683 साली व्हिएन्नाला घातलेला वेढा उठल्यावर बेकरीवाल्यांनी विजयाप्रीत्यर्थ ही चंद्रकोर घडविली, ही कथा पुष्कळ पुस्तकांत सापडते. समकालीन पुरावा तिला नाही. लोण्याच्या पदरांचे आजचे रूप तर विसाव्या शतकाच्या आरंभीचे. एवढे होऊनही पॅरिसमध्ये अशा सर्व पदार्थांना आजही 'व्हिएन्वाझरी', म्हणजे व्हिएन्नाकडचा माल, असेच म्हणतात. परक्याचे ऋण नावातच जपून ठेवण्याचा हा मोकळेपणा आम्हांला आवडला.

आपल्याकडे पावाचे ऋण मान्य होणे इतके सोपे नव्हते. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. फ्रेंच 'पें' आणि तो, दोघेही लॅटिन 'पानिस'ची नातवंडे. गोव्यात पाव फुगविण्यासाठी ताडी वापरीत, पीठ मळणारे हात ख्रिस्ती किंवा मुसलमानाचे. त्यामुळे पाव खाणे म्हणजे धर्म बुडविणे अशी समजूत दृढ झाली. म्हणूनच 1849 साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत प्रवेश घेणाऱ्याला परधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे. पुण्यातील पंचहौद मिशनचे प्रकरण सर्वश्रुत आहे. 14 ऑक्टोबर 1890 रोजी तिथे चहा-बिस्किटे पुढे आली, गोपाळराव जोशींनी हजर मंडळींची नावे छापवून आणली, आणि रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्याची वेळ आली. एका बिस्किटापायी शंकराचार्यांचे चौकशीमंडळ बसले आणि रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. आज हसू येते. पण ज्यांच्या घरी पंगतीला कोणी बसेना, लेकीबाळींची लग्ने अडली, त्यांना ते हसण्यासारखे नव्हते.

1810 च्या सुमारास दौलतरावांच्या छावणीबरोबर लष्करात स्थिरावलेल्या घराण्यांनीही देशावरचे सोवळे बरोबर आणले होते. पाव होता तो मुरारला, इंग्रजांच्या कँटोन्मेंटात. 1886 साली झाशीच्या बदल्यात किल्ला व मुरार शिंद्यांना परत मिळेपर्यंत ती वस्ती गोऱ्यांचीच. फाळणीनंतर सक्करच्या जे. बी. मंघाराम यांचा बिस्किटांचा कारखाना ग्वाल्हेरात आला आणि देवादिकांच्या चित्रांचे त्यांचे पत्र्याचे डबे घरोघर पोहोचले. ज्या बिस्किटाने प्रायश्चित्त घ्यायला लावले, त्याच बिस्किटाच्या डब्यावर लक्ष्मी-सरस्वती विराजमान! डबा रिकामा झाला की त्यात चकल्या भरल्या जात.

आता प्रत्यक्ष पदार्थाविषयी. आम्ही चौघे मुरारच्या वाटेवरील थाटीपुरात गेलो ते परीक्षकाच्याच भूमिकेतून, हे नमूद केले पाहिजे. पाटीवर हिरवा ठिपका होता, म्हणजे अंडे नाही. ग्रामण्याचे काम आता ठिपक्यावर भागते. वरचा पापुद्रा बोट लावताच चुरला, आत मऊ पदर, आणि मधोमध चॉकलेटच्या दोन कांड्या, किंचित कडवट. साखर बेताची. आमच्यापैकी दोघांना ती कमीच वाटली. पहिल्याच घासाला आमच्यातील ज्येष्ठ वहिनी म्हणाल्या, "अहो, हा तर चिरोट्याचा भाऊबंद!"

हे बोलणे वरवरचे नव्हे. चिरोट्यात आपण पोळ्यांवर तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावून वळकटी करतो. तिथे आंबविलेल्या पिठात थंड लोण्याची लादी गुंडाळून तीनदा तिहेरी घड्या घालतात, म्हणजे लोण्याचे 27 थर. लोण्यात 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असते, भट्टीत त्याची वाफ होऊन पदर उचलले जातात. तुपात पाणी नाही, म्हणून आपले पदर तळताना सुटतात. आणि पिठी का? आमच्या मते उत्तर ग्वाल्हेरच्या वैशाखात आहे. पारा 45 अंशांवर गेला की लोणी घडीत टिकणार कसे? पिठीने घट्ट केलेला साटा वाहून जात नाही. युरोपच्या थंडीने जे काम केले, ते आपल्या आज्यांनी मूठभर तांदळाच्या पिठीकडून करून घेतले. थाटीपुरात तेच काम वातानुकूलन यंत्र करते.

नावाची गोष्ट राहिली. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दो-तुलूझकडे, याच पदार्थाला 'शोकोलातीन' म्हणतात, आणि तिकडची माणसे त्या शब्दासाठी पॅरिसशी हमरीतुमरीवर येतात. 2018 साली काही खासदारांनी या नावाला मान्यता मिळावी म्हणून संसदेत दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. अटलांटिकपलीकडे क्वेबेकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वसलेले फ्रेंचभाषक मात्र पॅरिसचे न ऐकता 'शोकोलातीन'च म्हणतात. पुण्याचे पाहुणे आपल्या मराठीला हसतात तेव्हा ही क्वेबेकची मंडळी आम्हांला फार जवळची वाटतात.

थाटीपुरच्या दुकानातील मुलगा त्याला नुसते "चॉकलेटवाला" म्हणतो. वहिनींनी घरी नेण्यासाठी सहा बांधून घेतले, आणि नातवंडांना सांगितले ते "चॉकलेटचे चिरोटे" म्हणून.