साथ आली की पैसा, साथ गेली की कुलूप

मार्च २०२० मध्ये राज्यात साथरोग कायदा लागू झाला, तेव्हा तो मी पहिल्यांदा मुळातून वाचला. अगदी छोटा कायदा, ४ फेब्रुवारी १८९७ चा. सरकारला हवे ते उपाय करण्याचे अधिकार देताना तो आणखी एक गोष्ट सांगतो, जी सहसा कुणी वाचत नाही. खर्च कुणी आणि कसा भरायचा, हे सरकार ठरवेल.

सरकार ‘देईल’ असं त्यात नाही, ‘ठरवेल’ असं आहे. आपल्या आरोग्य व्यवस्थेची सव्वाशे वर्षांची गोष्ट या एका शब्दात आली.

२३ सप्टेंबर १८९६ ला मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. कायदा यायला पुढे चार महिने गेले. तो आला तो घरझडत्या आणि सक्तीचे अधिकार घेऊन. पुण्यात रँडसाहेबाने काय केलं आणि २२ जून १८९७ ला काय झालं, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच साथीत हडपसरजवळ सासाण्यांच्या मळ्यात दवाखाना चालवला तो डॉ. यशवंत आणि सावित्रीबाई फुले यांनी. रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सरकारकडे सोजीर होते, दवाखाना मात्र लोकांनी काढला.

तेव्हा कायमचं काही उभं राहिलंच नाही, असंही नाही. १८९९ मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळला गेली, ती आजची हाफकिन संस्था. पुण्याचं नायडू रुग्णालयही प्लेगच्याच काळातलं. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले दोन कोरोना रुग्ण दाखल झाले ते याच नायडूत! एकदा नीट केलेला खर्च सव्वाशे वर्षांनी कामाला आला.

आता आपल्या काळाकडे या. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने १५,००० कोटींचं आपत्कालीन पॅकेज मंजूर केलं. मे महिन्यात पीएम केअर्समधून ५०,००० व्हेंटिलेटरसाठी २,००० कोटी जाहीर झाले. दुसरं पॅकेज २३,१२३ कोटींचं, त्यात केंद्राचे १५,००० आणि राज्यांचे ८,१२३. मंजुरीची तारीख ८ जुलै २०२१. आपण ऑक्सिजनसाठी धावलो ते एप्रिल-मे मध्ये. वरात गेल्यावर घोडं आलं. पुढच्या लाटेसाठी ते पैसे हवेच होते, नाही कोण म्हणतं? पण मार्च २०२२ पर्यंतच्या पैशातून यंत्र घेता येतं, पत्रा ठोकता येतो. कायमची नर्स नेमता येत नाही. म्हणून कंत्राटावर पोरंपोरी घेतली, टाळ्या वाजवल्या, आणि लाट ओसरल्यावर त्यातल्या कितीतरी जणांना घरी पाठवलं.

यातला खरा दूरचा विचार पंधराव्या वित्त आयोगाने केला होता. स्थानिक संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्यासाठी पाच वर्षांत ७०,०५१ कोटी. त्यात उपकेंद्रांच्या इमारती, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासण्यांची सोय, तालुका पातळीवर आरोग्य पथक, शहरात वस्तीजवळ दवाखाने. मुदत २०२१-२२ ते २०२५-२६. म्हणजे हाही पैसा तारीख लावूनच आला. तारीख उलटल्यावर त्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा आणि तंत्रज्ञाचा पगार कोण देणार? पुन्हा तेच, सरकार ठरवेल.

आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कोरोनात आलेलं यंत्र मी पाहिलंय. वर प्लास्टिक तसंच. चालवायला माणूस नाही, असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या. त्यांचा काय दोष?

निधी आणला म्हणून फ्लेक्स लावणारे पुष्कळ आहेत. येत्या ग्रामसभेत किंवा आपल्या नगरसेवकाला भेटून तीनच प्रश्न विचारा. आपल्या गावाच्या वाट्याला आरोग्याचे किती आले? त्यातून काय उभं राहिलं? आणि ते चालवायला कायमचा माणूस कोण?

उत्तर मिळालं तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. नाही मिळालं, तरी लिहा. पुढची साथ काही आधी कळवून येणार नाही.